शिरवण्याच्या फोटोतली घडी

३ नोव्हें. ९६, रविवार

सकाळी नाईक आले. सोसायटीचे सेक्रेटरी दारात म्हणजे पाण्याच्या टाकीचं काहीतरी, म्हणून मी आधीच कपाळाला आठ्या घातल्या. पण त्यांच्या काखेत फ्रेम होती. सासुरवाडीहून आणलेलं दत्ताचं चित्र. ‘बघा जरा. सासरे म्हणतात पेशव्यांच्या वेळचं आहे.’ भिंग लावलं. ठिपकेच ठिपके, शाळेत कवायतीला उभे केल्यासारखे ओळीत. ऑफसेट. फार तर पासष्टचं. दगडावरच्या छपाईत कण असे शिस्तीत नसतात, सांडलेल्या रांगोळीसारखे असतात. नाईक हिरमुसले. ‘सासऱ्यांना कळू देऊ नका,’ म्हणाले. त्यांच्या सासऱ्यांना मी जन्मात पाहिलेलं नाही.

ते गेल्यावर सु. म्हणाली, ‘प्रेसमधली नोकरी संपल्यावर जुन्या फोटोंचा दवाखाना काढलात हे बरं केलंत. पेशंट सगळे आधीच गेलेले, त्यामुळे तक्रार नाही.’

उन्हात बसून चहा घेतला. या नेरूळच्या घराला एवढी एक बाल्कनी आहे, ती पुरते. गिरगावात खिडकीत उभं राहायचं तरी पाळी लावावी लागायची.

६ नोव्हें.

मासेवाली हिरूबाई चिंबोऱ्या घेऊन आली. तिची टोपली उतरली की सु.ची अर्धी सकाळ जाते. दोघींचं काय चालतं देव जाणे. आज माझा विषय निघाला. टेबलावर मी लोकांचे जुने फोटो पसरून बसतो ते हिरूबाई बरेच दिवस बघत असणार. दारातूनच विचारलं, ‘दादा, फोटू कवाचा ता तुमाला समाजतं?’

म्हटलं, थोडंफार समजतं.

‘आनि कोनाचा ता?’

ते नाही समजत. कधीचा ते कागद सांगतो. कोणाचा ते माणसांना विचारावं लागतं.

‘मानसांना इचारला,’ ती म्हणाली. ‘मानसा भांडतान.’ टोपली उचलून गेली. दिवाळी झाली की फोटो आणते म्हणाली.

१५ नोव्हें., शुक्रवार

दिवाळीचा फराळ संपत आला. चकल्या मऊ पडल्या, पण मी बोललो नाही.

हिरूबाई आली. आज टोपली नव्हती. फ्रेम जुन्या पातळात गुंडाळून आणली होती. तिचं म्हणणं इथे लिहून ठेवतो, नंतर घोटाळा नको.

शिरवण्यातलं त्यांचं सामायिक जुनं घर पाडलं. तिथे आता बिल्डिंग उठते आहे, पिलर वर आलेत. भिंतीवरच्या तसबिरी काढल्या तेव्हा त्यांच्या मागे पडलेला, बरीच वर्षं हरवलेला हा फोटो निघाला. हिरूबाई म्हणते हा तिचा बाप, जोमा. तिचा चुलतभाऊ धर्मा म्हणतो हा त्याचा बाप, काना. जोमा थोरला, काना धाकटा, दोघेही मिठागरावर. जोमा तरणाताठा गेला. ‘मी आयेचे पोटान व्हते तवा. गोदीन धमाका जाला ना, त्याचे आदले पावसान.’ गोदीतला स्फोट चव्वेचाळीसचा, म्हणजे त्रेचाळीस. काना भरपूर जगला, पोरंबाळं पाहिली. हिरूबाईला त्यानंच वाढवलं.

‘आये मना ह्योच फोटू दावाची. बोलायची, ह्यो तुजा बापूस.’

आई जाऊन वर्षं झाली. गावात जुन्यांपैकी एक म्हातारी आहे, तिला आता दिसत नाही. दोघे भाऊ तोंडावरून सारखे होते असं सगळे सांगतात. जोमाचा दुसरा फोटो नाही. कानाचा एक आहे, पण म्हातारपणचा, दात गेल्यावरचा.

हिरूबाईच्या धाकट्या मुलीचं लग्न माघात आहे. हळदीला धवले गाणारी धवलारीण पूर्वजांना बोलावते, एकेकाचं नाव घेऊन. ‘सगल्यांचं फोटू लावतान. माजे बापाची जागा रिकामी र्‍हाते. चार पोरांची लग्ना केली, चारी येळी रिकामी. ही शेवटची.’ हे ती अगदी साध्या आवाजात बोलली. सु. आत जाऊन उगाच भांडी वाजवत बसली.

१७ नोव्हें., रविवार

धर्मा आला. पन्नाशीचा, गोरेला, कारखान्यात फोरमन. पायातल्या चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. मला वाटलं होतं भांडखोर असेल, तर उलटच. हिरूबाईला ‘ताय’ म्हणतो, तिच्याआधी बसला नाही.

‘काकू तायला फोटू दावाची ता खरा हाय,’ तो म्हणाला. ‘पन बारकी पोर इचारते माजा बापूस कंचा, तर काकू काय करंल? घरान एकच फोटू. त्योच दावनार.’

यावर हिरूबाईनं मान खाली घातली.

मग धर्मानंच निकाल माझ्या गळ्यात बांधला. ‘दादा, तुमी बोलाल ता आमाला मान्य. थोरल्या काकाचा निघला तर तायनं न्यावा. माजे बाबाचा निघला तर माजे घरान र्‍हाईल. नातेवाईकांची पंचाईत नको, गावात बोभाटा नको.’

मी हो म्हटलं. खरं तर मनातून फुशारलोच. पंच म्हणून आजवर मला कोणी बसवलं नव्हतं, सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा नाही.

१९ नोव्हें.

फ्रेम उघडली. वाळवीनं एक बाजू पोखरलेली, खिळे गंजलेले. मागे पुठ्ठ्याला आधार म्हणून कॅलेंडरचं पान घातलेलं, सत्तावन्न सालचं. हे झालं फ्रेम करणाऱ्याचं साल. फोटोचं तेच असेल असं नाही, पण धागा मिळाला.

फोटो: पोस्टकार्डापेक्षा मोठा, कडा कातरून नक्षी केलेली. मागचा शिक्का पुसट, वाचता येत नाही. पुढे एक माणूस, स्टुडिओतल्या खुर्चीत. मागे पडद्यावर रंगवलेली बाग, जिना, कुंडी. अंगातला कोट स्टुडिओचा, बाह्या बोटांवर आलेल्या. फेटाही स्टुडिओचाच असावा, कान झाकले आहेत. म्हणजे कानाला कान लावून बघायची सोय गेली. पाय मात्र त्याचे स्वतःचे. अनवाणी, रुंद, बोटं फाकलेली. मिठात उभं राहून असे होतात. वय पंचविशी-तिशी. चेहऱ्यावर पेन्सिलीचं रिटचिंग आहे, त्यामुळे दोन-चार वर्षं इकडेतिकडे. मिशी छान.

फोटोग्राफर मात्र बेताचा. कोटाच्या काळ्यात सगळं बुजून गेलंय, गुंड्या दिसत नाहीत. फोकसही मऊ. आमच्या प्रेसमध्ये असं निगेटिव्ह कोणी आणलं असतं तर साहेबांनी परत पाठवलं असतं.

उजव्या खांद्यावरून एक आडवी घडी गेली आहे, मधून एक उभी. कोणीतरी चौघडी करून खिशात ठेवला असणार. सु. म्हणाली, ‘द्या इकडे, मोडते घडी.’ कापडात गुंडाळून दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली ठेवला. वर पोळपाट, पोळपाटावर वरवंटा. म्हटलं, तपासून होऊ दे आधी. तर म्हणाली, तपासायला काढा, परत ठेवा.

२३ नोव्हें., शनिवार

आज फार मजा आली.

काल नाईकांना सहज बोललो होतो की तुमच्या बँकेत नोटा तपासायचा निळा दिवा असतो, तो मिळाला तर काम होईल. ते कॅशियर आहेत. म्हणाले, ‘टेन्शन नका घेऊ, शनिवारी अर्धा दिवस, शटर ओढलं की या.’ बरोबर तीन फोटो नेले. शिरवण्याचा, आमच्या लग्नातला साठचा, आणि आमच्या वडिलांचा अडतीसचा.

तत्त्व सोपं आहे. पन्नासनंतर कधीतरी फोटोच्या कागदात पांढरेपणाची पावडर घालायला लागले. हल्ली कपडे धुताना बायका घालतात तसलीच. निळ्या दिव्याखाली ती चमकते. त्याआधीच्या कागदात ती नाही, तो काळाच राहतो.

दिवा लावला. वडील अंधारात गेले. आमचं लग्न लखलखलं, सु.चा शालू सोडून सगळं. मग शिरवण्याचा ठेवला. लखलखीत. चारी कडा चांदण्यासारख्या.

नाईक ‘वा’ म्हणाले. शिपाईसुद्धा बघायला आला. पन्नासनंतरचा कागद, सत्तावन्नचं कॅलेंडर. जोमा त्रेचाळीसला गेला. गेलेला माणूस स्टुडिओत येऊन बसत नाही. म्हणजे काना.

येताना वाशीहून बसला खिडकी मिळाली. स्वतःवर खूश होतो. एवढा पक्का निकाल क्वचित लागतो.

२४ नोव्हें., रविवार

दोघांना बोलावून सांगितलं. दिव्याचं, कागदाचं, कॅलेंडरचं, सगळं नीट समजावलं. जरा लांबलंच. सु. मधूनच माझ्याकडे बघत होती.

धर्मानं मान हलवली. जिंकल्याचा आनंद दिसला नाही. हिरूबाईनं एवढंच विचारलं, ‘पक्का ना, दादा?’

म्हटलं, पक्कं. कागद खोटं बोलत नाही.

‘बरा जाला, समाजला,’ ती म्हणाली. ‘मी इतके दिस काकालाच बाबा बोलून हात जोरत व्हते. काकानं बी बापासारखाच केला. चूक नय ती.’ मग सु.ला म्हणाली, उद्या कोलंबी चांगली येईल. दोघं बरोबरच खाली उतरली.

धर्मा जाताना म्हणाला, फ्रेम मोडकीच आहे तर नवी करून द्या, मग नेतो. म्हणून फोटो अजून माझ्याकडे. दिवाळी अंकांखाली परत.

जेवताना सु. म्हणाली, ‘इतकं पक्कं बोलायची गरज होती?’ मी म्हटलं, विचारलं तर सांगावं लागतं. ‘सांगावं की. पण तुम्ही बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलंत.’

वरण खारट झालं होतं. बोललो नाही.

२९ नोव्हें.

हिरूबाई आली नाही. सोमवारची कोलंबीही नाही, आजही नाही. सु.नं बाजारातून पापलेट आणलं, ते बर्फातलं निघालं. लग्नघर आहे, कामं असतील, असं मी म्हटलं. ‘असतील,’ सु. म्हणाली.

नाईकांनी दिव्याची गोष्ट बिल्डिंगभर केली आहे. जिन्यात लोक कौतुक करतात. आठवड्यापूर्वी बरं वाटलं असतं.

२ डिसें., सोमवार

काय लिहू. लिहितो.

फ्रेमवाल्याकडे जायचं म्हणून सु.नं गठ्ठा उचलला. फोटो काढून खिडकीशी नेला आणि म्हणाली, ‘ही कसली हट्टी घडी. एवढं वजन ठेवलं, जशीच्या तशी.’ मी म्हटलं जुनी घडी आहे, लगेच मोडत नाही. ती म्हणाली, ‘लगेच काय, जरासुद्धा नाही.’ आणि फोटो माझ्या हातात देऊन कुकर बघायला गेली.

मी बोट फिरवलं. खांद्यावरून, घडीच्या रेषेवरून. बोटाला काहीच लागलं नाही. काचेसारखं गुळगुळीत. मागून फिरवलं, मागेही सपाट. उजेडात तिरपा धरला. रेष दिसते, पण कागद कुठेच मोडलेला नाही.

घडी या कागदाची नाहीच. ती फोटोत आलेली आहे. हा कॉपीफोटो आहे. कोणीतरी चौघडी केलेला जुना फोटो भिंतीला टाचून त्याचा फोटो काढला, सत्तावन्नच्या सुमारास. कागद सत्तावन्नचा, माणूस त्याच्या कितीतरी आधीचा.

कोटाचं काळं बुजलेलं, गुंड्या गेलेल्या, फोकस मऊ. बिचाऱ्या फोटोग्राफरला मी नावं ठेवली. फोटोचा फोटो काढला की हेच होतं, हे मला नाही तर कोणाला ठाऊक असणार? अख्खी नोकरी कॉपी कॅमेऱ्यासमोर गेली. रोज सकाळी बोर्डावर कागद टाचायचा, दिवे लावायचे, लेन्सचं झाकण काढायचं. प्रेसमध्ये येणारा नवा पोरगासुद्धा पहिल्या दिवशी शिकायचा: ओरखडा दिसला की आधी बोट फिरव, तो गिऱ्हाइकाच्या मालाचा आहे की आपला. मी बोट फिरवलं नाही. मी दिवा बघायला गेलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सु.ला सांगितलं. तिला हसू आलं, मग माझं तोंड बघून थांबली. ‘म्हणजे हिरूचा बाप असू शकतो?’

असू शकतो.

‘मग बसलात काय?’

३ डिसें.

काल गेलो नाही. आधी नीट विचार करायचा ठरवलं. एकदा घाई करून तोंडघशी पडलोय.

मूळ फोटो कधीचा? कॉपीवरून कागद कळत नाही. कोटाची कॉलर, मागचा पडदा, खुर्ची बघून पस्तीस ते पन्नास. याहून बारीक मला सांगता येत नाही आणि आता मी उगाच सांगणारही नाही. पस्तीस ते त्रेचाळीस असेल तर जोमा असू शकतो. काना तेव्हा पोरगेला असणार, पण त्याचं जन्मसाल कोणाला ठाऊक आहे? चव्वेचाळीस ते पन्नास असेल तर काना. तराजू सरळच राहतो.

दुपारी पडल्या पडल्या एक गोष्ट सुचली आणि उठून बसलो.

प्रेसमध्ये लोक कॉपीला काय आणायचे? लग्नपत्रिकेचा गणपती, दुकानाचं बोधचिन्ह. आणि फोटो आणला तर गेलेल्याचा. श्रद्धांजलीच्या कार्डासाठी. फाटका, चुरगळलेला, पाकिटात घामानं पिवळा पडलेला. ‘साहेब, एवढाच आहे,’ म्हणायचे. जिवंत माणसाचा चुरगळलेला फोटो कॉपीला कोणी आणला असं मला आठवत नाही. जिवंत माणूस स्टुडिओत जाऊन नवा काढतो. सत्तावन्नला काना धडधाकट होता. स्वतःचा फोटो हवा असता तर खुर्चीत जाऊन बसला असता. फाटका फोटो सांभाळून मुंबईला नेला, तेव्हा इथे स्टुडिओ कुठला, त्याची कॉपी करवली, काच बसवली, ती कोणासाठी?

सु. म्हणाली, ‘हे सांगा त्यांना. पण या वेळी बक्षीस घेऊ नका.’

५ डिसें., गुरुवार

शिरवण्याला गेलो. चालतच. सेक्टरातल्या पांढऱ्या बिल्डिंगी संपल्या की एकदम गाव लागतं, कोंबड्या, तुळशी, सुकत घातलेली जाळी. हिरूबाई ओट्यावर मिरच्या निवडत बसली होती. मला बघून उठली, पाणी आणलं. धर्माला बोलावून घेतलं.

आधीच म्हटलं, मी चुकलो. मग फोटो दोघांच्या हातात दिला आणि घडीवरून बोट फिरवायला सांगितलं. हिरूबाईनं फिरवलं. परत फिरवलं. ‘दिसतंय पन लागत नय,’ म्हणाली. धर्मानं चष्मा लावून फिरवलं.

मग कॉपीचं सांगितलं. त्यानंतर लोक कॉपीला कोणाचे फोटो आणायचे ते. इथे जपून बोललो. म्हटलं, हा पुरावा नाही. माझा अनुभव आहे, आणि माझ्या अनुभवाचं काय होतं ते तुम्ही गेल्या वेळी पाहिलंत.

धर्मानं चष्मा पुसला. मग म्हणाला, ‘बाबाला सोताचाच जवानीतला फोटू आवरत असंल. फाटाया लागला म्हनून केला असंल नवा.’

असेल. असंही होऊ शकतं, मी म्हटलं. तेही खरंच आहे.

फोटो हिरूबाईच्या मांडीवर होता आणि ती घडीवर बोट फिरवत होती. निघताना तिनं मिरच्यांची पुडी दिली. ‘बायला द्या. शनिवारी येते मी.’ एवढ्यानं माझा जीव भांड्यात पडला.

फ्रेम आता दोघं मिळून ठरवतील. तोवर फोटो माझ्याकडेच ठेवायला सांगितला. मी नको म्हणत होतो.

७ डिसें.

हिरूबाई आली. चिंबोऱ्या. माद्या निवडून दिल्या, आत लाख, म्हणजे अंडी, भरलेली. आमच्याकडे आज कोणी कोणाशी बोललं नाही, फक्त फोडण्याचे आवाज.

१८ डिसें.

संध्याकाळी धर्मा एकटाच आला. कारखान्यातून परस्पर, हातात डबा. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलला, बिल्डिंगचा स्लॅब, मुलाची नोकरी. मग फोटो बघू म्हणाला.

दिला. तो बघत बसला. मग म्हणाला, ‘दादा, आमचा बाबा एक नंबरचा आलशी. फोटू काराचा बोलला का पलायचा. माजे लग्नान बी उभा नय र्‍हायला. त्यो म्हातारपनचा हाय ना, त्यो रेशनकारडासाठी धरून नेला म्हनून.’

मी काही बोललो नाही. शिकलोय.

‘असा मानूस सोताचे फोटूसाठी बोटीनं मुंबईला, भाऊच्या धक्क्याला जाईल?’

मला विचारत नव्हता. चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला. दारात चपला घालताना म्हणाला, ‘तायला बोलू नका मी आयलो व्हतो.’

तो गेल्यावर मला फार बरं वाटलं. निकालासाठी नव्हे, निकाल काही लागलेला नाही. उगाच बरं वाटलं.

१४ जाने. ९७, संक्रांत

हिरूबाई तिळगूळ घेऊन आली, सु.ला बांगड्या. बरोबर धाकटी मुलगी, नवरी. पोरगी बी.कॉम. आहे, आमच्याशी फर्डं मराठी बोलते आणि आईशी बोलताना आपोआप आगरी होते. तिनं फोटो पाहिला आणि म्हणाली, ‘नाक माझ्यासारखं आहे.’ आई म्हणाली, ‘नाक धर्मामामाचे पोरीचा बी तसाच हाय.’ दोघी हसल्या.

हिरूबाईनं एक गोष्ट सुचवली. दोघांनी ठरवलेलीच दिसली. या फोटोच्या आणखी दोन प्रती करायच्या, एक तिच्या घरात, एक धर्माच्या. हा मूळ, म्हणजे कॉपीच, पण आपला मूळ, तो हळदीला मांडवात लावायचा. पुढचं पुढे.

कॉपी मीच करणार असं सांगून टाकलं. कॅमेरा नाही, काही नाही, तरी.

२६ जाने., रविवार

नेरूळ स्टेशनसमोरच्या स्टुडिओतल्या मुलानं त्याचा कॅमेरा आणि स्टँड दिला, दिवे दिले. फोटो बोर्डाला टाचला, लेव्हल बघितली, दोन्ही बाजूंनी दिवे पंचेचाळीस अंशात. हात विसरले नाहीत. झाकण काढताना पूर्वीसारखाच श्वास रोखला गेला.

घडी काढून टाकता आली असती. मुलगा म्हणाला, ‘काका, ब्रशने मारतो, एकदम क्लीन होईल.’ नको म्हटलं. ती घडी गेली तर फोटोत राहिलं काय?

प्रती चांगल्या आल्या. काळं आणखी थोडं बुजलं, होणारच. पाय स्पष्ट आहेत.

मी फोटो तपासला की मागे पेन्सिलीनं साल लिहितो, ही माझी सवय. पेनानं कधी नाही, पेन्सिल खोडता येते. तिन्हींच्या मागे लिहिलं: मूळ फोटो १९५० पूर्वीचा. कॉपी १९५७. नव्या दोन्हींवर पुढे: पुन्हा कॉपी १९९७. शिरवणे. त्यापुढे नावासाठी जागा सोडली.

१५ फेब्रु., शनिवार

हळद. दुपारीच गेलो, सु. नवं पातळ नेसून. बिल्डिंगचे पिलर अजून उघडेच, त्यांच्यामध्येच मांडव घातलेला. बँजोवाले आधीच तापलेले. मला खुर्ची दिली, सु.ला बायकांनी आत ओढून नेलं आणि पंधरा मिनिटांत तोंड पिवळं करून परत पाठवलं.

भिंतीला फोटो ओळीनं. हिरूबाईचा नवरा, सासू-सासरे, आई. आईच्या शेजारी आपला. नवी फ्रेम, नवी काच. हार कोणी घातला विचारलं, तर नवरी म्हणाली, धर्मामामानं, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन.

धवलारीण बसली. म्हातारी, आवाज खणखणीत, बँजो बंद करायला लावला. एकेका फोटोकडे बघून नाव घेऊन बोलवत होती, या, पोरीच्या लग्नाला या. आईचं झालं. मग थांबली. ‘ह्यो कोन?’

हिरूबाईनं धर्माकडे बघितलं. धर्मा पुढे आला आणि म्हणाला, ‘दोगांची नावा घे. दोगं बी पोरीचंच.’

म्हातारीनं आधी जोमा म्हटलं, मग काना. एकाच फोटोला दोन वेळा हळद लावली. हिरूबाई रडली नाही. पदर सारखा केला आणि नवरीचा हात घट्ट धरून उभी राहिली. माझेच डोळे भरून आले. सु.नं पाहिलं, पण आज टोमणा मारला नाही.

१६ फेब्रु., रविवार

काल राहिलं ते लिहितो.

जेवणं झाल्यावर हिरूबाई तिच्या वाट्याची प्रत घेऊन माझ्याकडे आली. उलटी केली. ‘मागं काय लिवलंय ता वाचा, दादा.’

वाचून दाखवलं. साल, कॉपी, शिरवणे.

‘आनि नाव?’

म्हटलं, नाव नाही लिहिलं. जागा ठेवली आहे. ते मी कसं लिहिणार?

तिनं विचार केला. मग म्हणाली, ‘पेन्सिल हाय का?’

खिशात होती. दिली. तिला लिहिता येत नाही हे मला ठाऊक आहे. ती फोटो आणि पेन्सिल घेऊन मांडवातून पलीकडे गेली, जिथे धर्मा पंगतीची भांडी मोजून देत उभा होता. त्याच्यासमोर थांबली. काहीतरी बोलली. बँजो परत सुरू झालेला, काही ऐकू आलं नाही. त्यानं हात धोतराला पुसले आणि खिशातून चष्मा काढून लावला, एवढं दिसलं. तेवढ्यात बायका मध्ये आल्या.

आम्ही निघालो तेव्हा ती दोघं लग्नाच्या घाईत कुठे गेली होती, दिसली नाहीत. पेन्सिल तिकडेच राहिली. सु. म्हणाली दुसरी घ्या. घेईन. घाई नाही.